संध्याकाळी सातनंतरची वीज

मे महिन्यातली रात्र, पावणेबारा वाजलेले. खाली डीपीकडून, म्हणजे सोसायटीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून, ‘धप्प’ असा आवाज आला आणि ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या दोन्ही इमारती काळोखात गेल्या. वादळ नाही, पाऊस नाही, आभाळात ढगही नाही. वीस मिनिटांत निम्मी सोसायटी गेटपाशी जमली. कोणी बर्मुड्यात, कोणी गाऊनवर ओढणी घेतलेली, हातात वारा घ्यायला कॅलेंडरचे पुठ्ठे. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “एवढे मोठे टॉवर आपल्या डोक्यावरून जातात आणि वीज आपल्यालाच नाही! देशात वीज कमी पडायला लागली की काय?”

तेव्हा मी काही बोललो नाही. उकाड्यात कोणाला ऐकायचं असतं? पण त्या रात्री देशात वीज कमी नव्हती. राज्यात भारनियमनही नव्हतं. कमी पडला होता आमच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. तो का कमी पडला हे कळलं की सबंध देशाच्या विजेचं कोडं बरंचसं उलगडतं.

आमच्या डीपीवर चौसष्ट घरं आहेत. प्रत्येकाच्या बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. आमच्याकडे तो साधारण ५ किलोवॅट आहे. म्हणजे एकूण ३२० किलोवॅट. तरी तेवढा मोठा ट्रान्सफॉर्मर कोणी बसवत नाही. एका घरी मिक्सर चालू असतो तेव्हा दुसऱ्या घरी इस्त्री चाललेली असते, तिसरं घर कुलूप लावून गावी गेलेलं असतं. हे भिशीसारखं आहे. भिशी चालते, कारण सगळ्यांना एकाच महिन्यात पैसे लागत नाहीत. त्याच भरवशावर विजेचं सगळं जाळं बांधलेलं आहे, सोसायटीच्या डीपीपासून थेट राष्ट्रीय ग्रिडपर्यंत.

एसीनं ही भिशी मोडली. दीड टनाचा एसी जोरात चालला की दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, आणि तो सगळे एकाच वेळी लावतात. पन्नास घरांत दोन-दोन एसी म्हणजे १५० किलोवॅट नुसत्या एसींचे. उकाडा फार असला की कॉम्प्रेसर मधूनमधून थांबायचाही बंद होतो. शिवाय पूर्वी ट्रान्सफॉर्मरला रात्रीची उसंत मिळायची; दिवसभर तापलेलं त्यातलं तेल रात्री निवायचं. आता त्याची रात्रपाळीच दिवसपाळीपेक्षा जड झाली आहे.

इथे किलोवॅट आणि युनिट यांतला फरक पक्का करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतही त्यांची सर्रास गल्लत होते. युनिट म्हणजे दिवसभरात किती बादल्या भरल्या. किलोवॅट म्हणजे एका क्षणी नळाला केवढी धार हवी. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. बिल मुख्यतः बादल्यांचं येतं. पण पाइप किती जाडीचा टाकायचा, हे सगळ्यात मोठी धार ठरवते, मग ती वर्षातून चार दिवस का लागेना.

३० मे २०२४ रोजी देशाला लागलेली सगळ्यात मोठी धार २,५०,००० मेगावॅट होती. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. २०१२-१३ मध्ये हाच आकडा १,३५,००० च्या घरात होता आणि त्यातलाही जवळपास नऊ टक्के भाग आपण भागवू शकलो नव्हतो. ते दिवस ठाणे जिल्ह्यात कोणी विसरलेलं नसेल. गळती आणि थकबाकी पाहून गावांचे, वस्त्यांचे अ, ब, क असे गट पाडलेले. खालच्या गटात नाव असलं की दिवसाचे कित्येक तास वीज नाही. इन्व्हर्टरवाल्यांची तेव्हा दिवाळी होती. बारा वर्षांत मागणी जवळजवळ दुप्पट झाली आणि तरीही टंचाई नावापुरती उरली. हे काही लहान काम नव्हे, आणि त्याचं कौतुक आपण फारसं करत नाही.

मागणी अजून वाढणार आहे. कारखाने, रेल्वे, शेतीपंप सगळं धरून भारतात माणशी वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट वीज वापरली जाते. जगाच्या सरासरीच्या ती निम्मीही नाही. ज्या घरात काल पंखा आला तिथे उद्या फ्रिज येणार, परवा एसी. ही वाढ होऊच नये असं म्हणणारा माणूस बहुधा स्वतः एसीत बसून बोलत असतो. म्हणून मला ‘वीज वाढवायची की वाचवायची’ हा वाद निरुपयोगी वाटतो. खरा प्रश्न घड्याळाचा आहे. संध्याकाळी सातनंतर ही वीज आणायची कुठून?

विजेची मोठी अडचण ही की ती गोदामात ठेवता येत नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते. महाराष्ट्राचा हा ताळेबंद जिथे सांभाळला जातो ती जागा आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोलीतच, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. रोज बसमधून त्याच्यासमोरून हजारो माणसं जातात, पण आत काय चालतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आत बसलेली माणसं रात्रंदिवस एका आकड्यावर डोळा ठेवून असतात: ५० हर्ट्झ.

उसाच्या रसवंतीचा चरक पाहा. एक ऊस घातला की तो एका लयीत फिरतो. चार जाड ऊस एकदम कोंबले की इंजिनचा आवाज खाली उतरतो, चरक मंदावतो. ऊस संपला की पुन्हा सुसाट. वीजकेंद्रातलं जनित्र असंच असतं. मागणी वाढली की ते कणभर मंदावतं, घटली की वेग घेतं. सेकंदाला ५० आवर्तनं ही त्याची ठरलेली लय, ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहावी असा नियम आहे. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (म्हणजे ७६५ हजार व्होल्टची) वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं ग्रिड एकाच तालावर फिरतं. आसामात कोणी मोटार लावली तर चंद्रपूरच्या जनित्राला ती जाणवते. अगदी नगण्य, पण जाणवते.

या तालाची परीक्षा आपण सगळ्यांनी मिळून एकदा घेतली आहे. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते, आठवतं? बारा-चौदा हजार मेगावॅट मागणी घटेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॅटनं घटली. काही मिनिटांत एवढं ओझं उतरवायचं आणि लगेच पुन्हा चढवायचं! आपण बाल्कनीत पणत्या लावत होतो आणि नियंत्रण कक्षांत लोक श्वास रोखून बसले असणार. ग्रिड तगलं ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांमुळे. पाण्याचं चक्र काही मिनिटांत थांबवता येतं, काही मिनिटांत चालू करता येतं. कोळशाच्या केंद्राचं तसं नसतं. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवून वीज यायला अर्धा दिवसही लागतो. म्हणून तो बंद करायचा नसतो, फक्त आच कमी-जास्त करायची, आणि तीही एका मर्यादेखाली नेता येत नाही. आजचा नियम पूर्ण क्षमतेच्या ५५ टक्क्यांचा आहे.

आता सौरऊर्जेकडे येऊ. काकांचा पुढचा प्रश्नही त्याबद्दलचाच होता: “गच्चीवर सोलर लावलं असतं तर आज अंधारात बसावं लागलं नसतं, नाही का?”

लागलंच असतं. एक तर रात्र होती. पण भर दुपारी वीज गेली असती तरीही गच्चीवरचं साधं, बॅटरीविना ग्रिडला जोडलेलं सोलर बंदच पडलं असतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं. बाहेरची लाईन मृत आहे असं समजून वायरमन खांबावर चढला आणि आपल्या गच्चीवरून त्याच तारेत वीज शिरली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेलं की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) आपोआप हात वर करतो. सोलर विकणारे हे लहान अक्षरात सांगतात.

तरीही सोलर लावावं असं माझं मत आहे. १ किलोवॅटच्या पॅनेलला शंभर चौरस फुटांच्या आसपास गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. पण हिशेब पाहा: एक किलोवॅट चोवीस तास चालला असता तर चोवीस युनिट मिळाले असते. मिळतात चार. यात फसवणूक नाही, सूर्याचं वेळापत्रकच तसं आहे. ‘देशाच्या वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळशाविना’ ही २०२५ मधली बातमी खरी असूनही आपल्या घरात येणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अजून कोळशाची असते, ती याच कारणानं. क्षमता म्हणजे नळाची जाडी. त्यातून दिवसाचे किती तास पाणी येतं, ते वेगळं.

दुपारी एक वाजता राजस्थान-गुजरातेत इतकी सौर वीज तयार होते की काही वेळा ती वाहून न्यायला तारा पुरत नाहीत आणि प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. फुकटची वीज, आणि घ्यायला कोणी नाही. सहा वाजता सूर्य कलतो, साडेसातपर्यंत सौर वीज शून्यावर. नेमकी त्याच वेळी माणसं घरी येतात, दिवे लागतात, भाजी फोडणीला पडते, एसी सुरू होतात. दीड-दोन तासांत हजारो मेगावॅटची जागा दुसऱ्या कोणीतरी घ्यायची असते. ती घेतो कोळसा आणि थोडं पाणी. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण जोरात चालला तर दिवसाला आठेक हजार टन कोळसा खातो, म्हणजे दोन मालगाड्या.

तो कोळसा आपल्याला दिसत नाही. ठाणे-नवी मुंबईला मिळणाऱ्या विजेचा बराच भाग विदर्भातल्या केंद्रांतून येतो. भिवंडी तालुक्यात पडघ्याला महामार्गाच्या बाजूला मोठं उपकेंद्र आहे; चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटरची एक ५०० केव्हीची वाहिनी तिथे उतरते. १९९९ पासून ती चालू आहे आणि १,५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. गंमत म्हणजे ती घरातल्या विजेसारखी एसी (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाची) नव्हे, डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहाची) वाहिनी आहे. इतक्या लांबच्या पल्ल्याला डीसीत गळती कमी होते. दोन्ही टोकांना रूपांतराचा खर्च मात्र येतो. वीज आपल्याकडे येते, राख आणि धूर चंद्रपुरात राहतात. बिलावर त्याचा रकाना नसतो. शंभर वर्षांपूर्वीही वेगळं नव्हतं: मुंबईच्या विजेसाठी मुळशीचं धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांच्या साथीनं सत्याग्रह केला. जमिनी गेल्याच.

तारांचं महत्त्व आपल्याला कळलं १२ ऑक्टोबर २०२० ला. सोमवारची सकाळ, दहाचा सुमार. कळवा-पडघा-खारघर या पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प. लोकल जागच्या जागी उभ्या. देशात वीज होती, आपल्यापर्यंत यायला रस्ता नव्हता. मुंबईत पुरेशी वीजकेंद्रं नाहीत, नवी उभारायला जागा नाही, म्हणून शहराचा जीव या मनोऱ्यांवर टांगलेला आहे. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या टॉवरवर काकांचा राग असतो, पण ते टॉवर म्हणजे विजेचा द्रुतगती महामार्ग आहे. त्यावरून थेट आपल्या गल्लीत उतरता येत नाही.

मग दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कशी? याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर ठाणे जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यात चोंढे नावाचं गाव आहे. वर सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात, घाटघर. माथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा, आणि मध्ये डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. वीज स्वस्त आणि मुबलक असते तेव्हा हीच यंत्रं पंप होऊन खालचं पाणी वर चढवतात. टंचाईच्या वेळी ते पाणी खाली सोडलं की तीच यंत्रं जनित्र होतात. तेच पाणी वर-खाली, वर-खाली. चार युनिट खर्चून तीनेक परत मिळतात, म्हणजे धंदा तोट्याचाच. पण दुपारचं युनिट कवडीमोलाचं आणि संध्याकाळचं सोन्याचं, त्यामुळे परवडतं. २००८ पासून हे चालू आहे आणि शहापूरबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे.

हेच सोसायटीच्या टाकीत करता येईल का? मी हिशेब केला. गच्चीवरची ५०,००० लिटरची टाकी, उंची तीस मीटर. सगळं पाणी खाली सोडून वीज केली तर जेमतेम चार युनिट मिळतील. दोन एसी सव्वा-दीड तास चालले की संपले. गुरुत्वाकर्षण किती कंजूष आहे ते यावरून कळतं. त्याच्याकडून वीज काढायला डोंगरच लागतो. आणि डोंगर आपल्याकडे आहेत. भिवपुरीला आणि शिरवट्याला मिळून २,८०० मेगावॅटचे असेच प्रकल्प उभारायचा करार २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात झाला. भिवपुरी, खोपोली, भिरा इथली टाटांची जुनी जलविद्युत केंद्रं १९१५ ते १९२७ या काळातली. त्याच घाटात आता नवी पिढी येते आहे.

मग कोयना का पुरत नाही, असं कोणीतरी विचारतंच. १,९६० मेगावॅट म्हणजे राज्याचा हुकमी एक्का. पण पश्चिमेकडे वळवून विजेसाठी वापरायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणीच मंजूर आहे. रेशनचं धान्य पुरवून पुरवून वापरावं तसं ते राखून ठेवावं लागतं आणि ऐन गर्दीच्या तासांनाच खर्चायचं असतं. बॅटरीचे मोठे प्रकल्पही येताहेत, दोन-तीन वर्षांत त्यांचे दर झपाट्यानं उतरले. दोन-चार तासांची गरज त्या भागवतील. अणुऊर्जा चोवीस तास चालते, धूर नाही. तारापूर १९६९ पासून चालू झालं, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. पण एक अणुभट्टी उभी राहायला दशक जातं. या मे महिन्याला तिचा उपयोग नाही.

दुसरी बाजू मागणीची, आणि तिथे एक सुंदर गोष्ट घडते आहे. राज्यातल्या शेतीपंपांना वर्षानुवर्षं रात्री वीज मिळायची. बिबट्या, साप, थंडी, आणि शेतकरी मध्यरात्री दारं धरायला. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचं. शेतकऱ्याची रात्र वाचते आणि तेवढं ओझं ग्रिडच्या रात्रीवरूनही उतरतं.

ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात मात्र उलटं चाललं आहे. जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते तिथे बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहताहेत. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी मुंबई-नवी मुंबईत आहे. १०० मेगावॅट सलग वापरणारं एक केंद्र धरलं तर दिवसाचे चोवीस लाख युनिट होतात. महिन्याला अडीचशे युनिट बिलाच्या तीन लाख घरांइतके. आणि त्याला दुपार काय, रात्र काय, सारखंच. बंद करा म्हणण्यात अर्थ नाही. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोडही तसल्याच कुठल्यातरी इमारतीतून जातो. पण अशा चोवीस तासांच्या गिऱ्हाइकानं आपली रात्रीची सोयही आपणच करावी, बॅटरी लावावी, रात्रीचा जास्त दर भरावा, एवढं म्हणायला हरकत नसावी.

आपल्या हातात काय आहे? जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसेक. पंखा बारा-चौदा तास फिरतो, म्हणून ही बचत बल्बपेक्षा मोठी आहे. एसीचं तापमान एका अंशानं वाढवलं की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात ते त्यासाठीच. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर पांढरा रंग मारला तर खालच्या खोलीतला फरक हाताला लागतो. हे सगळं खरं, पण मला तरी वेळ बदलण्याची युक्ती जास्त महत्त्वाची वाटते.

जूनमध्ये सोसायटीची सभा झाली. गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर लावायचा ठराव आला. सामाईक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. नेट मीटरनं, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या मीटरनं, लिफ्ट-पंपाचं बिल जवळपास पुसलं जाईल. खजिनदार खूश. मी म्हटलं, युनिटचा हिशेब बसेल, पण डीपीचं काय? त्याला रात्रीची धार सोसत नाही, आणि आपल्याकडे संध्याकाळी सहाला पंप लागतो, आठला लोक गाड्या चार्जिंगला लावतात.

बराच वाद झाला. गाड्यांचं चार्जिंग रात्री एकनंतर, किंवा सुटीच्या दिवशी दुपारी, असं ठरलं. दोघांनी नाराजी नोंदवली. पंप दुपारी बाराला लावायचं ठरलं. काकांनी विचारलं, “म्हणजे टाकी हीच आपली बॅटरी?” वीज परत देणारी नव्हे, पण पाणी दुपारीच वर गेलं तर संध्याकाळी पंपाची धार लागत नाही, तेवढ्यापुरती हो.

आता रोज बाराला पंप लागतो. वॉचमन मात्र कुरकुरतो, कारण टाकी भरून वाहायला लागते ती नेमकी त्याच्या जेवणाच्या वेळेला. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचचं कोटेशन मागवलं आहे.